बिनशेपटीचे मांजर

आज मी तुमच्याशी मांजराविषयी बोलणार आहे, आणि तेही शेपूट नसलेल्या मांजराविषयी. कापसाचा भाव, तुरीवरची अळी, मुलांच्या परीक्षा असे विषय पुढ्यात पडले असताना या प्राध्यापकाला मांजर कसे सुचले, असे कोणी म्हणेल. खरे सांगायचे तर हा विषय मला सुचलेला नाही. तो आपण होऊन माझ्या पायाशी येऊन बसला.

त्याचे असे झाले. आर्वी तालुक्यातले रोहणा हे माझ्या थोरल्या बहिणीचे सासर. पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची छोटी गाडी धावत होती तेव्हा, लहानपणी, आम्ही तिने रोहण्याला जात असू. ती गाडी केव्हाच बंद झाली, आता एस. टी.ने जावे लागते. गेल्या दिवाळीला गेलो, तर हातपाय धुण्याआधीच भाचा मला ओढत कुटाराच्या खोलीत घेऊन गेला. घरच्या मनीला चार पिल्ले झाली होती, सुमारे दोन आठवड्यांची. दोघांना चांगल्या शेपट्या होत्या. उरलेल्या दोघांना शेपूट मुळी नव्हतेच. पाठीमागून पाहिले की लाकडी खेळण्याचे मागले टोक कोणी घासून गोल केले आहे, असे दिसे.

"मामा, आजी म्हणते, या दोघायले नाल्यापलीकडं सोडून ये. मी नाही सोडत."

आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. मोठ्या पुतळीसारख्या बाई, घरात त्यांचा शब्द चालतो. त्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, घरात दोन जिवाची नातसून हाये. असं अर्धं पिलू दारात कायले पायजे? बाळावर सावली पडन."

आता मी पडलो तर्कशास्त्राचा प्राध्यापक. मला वाटले, इथे आपले शास्त्र कामाला येईल. मनीचे स्वतःचे शेपूट चारसहा बोटांचे, आखूड आणि टोकाला वाकडे. तिचे शेपूट लहानपणी बंडीच्या चाकाखाली गेले, असे घरात सगळे सांगत. मी लगेच निकाल दिला : "आजी, यात अपशकुन कसला? आईचे शेपूट तुटले, म्हणून पिल्लांना आले नाही. साधी गोष्ट आहे." आजींना ते पटले नाही, पण मी पाहुणा म्हणून त्या गप्प राहिल्या. पिल्ले चार दिवस वाचली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझे मलाच खटकू लागले. पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलींचे कान टोचत आलो. कानाला भोक असलेली मुलगी कधी जन्मली आहे का? बैलाच्या नाकात वेसण घालतो, वासरू काही नाक टोचलेले येत नाही. मग शेपटाचेच तेवढे कसे खरे असेल? आणि सकाळी मी आणखी एक प्रश्न विचारला, जो आदल्या दिवशीच विचारायला हवा होता : मनीचे शेपूट चाकाखाली जाताना पाहिले कोणी? बहिणीने आजींकडे पाहिले, आजींनी गड्याकडे, गड्याने भाच्याकडे. कोणीच पाहिले नव्हते! शेपूट आखूड होते, घरात बंडी होती, दोहोंची गाठ कोणीतरी मारली आणि पुढे तीच गोष्ट घरभर चालली. वर्गात हा दोष मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. घरी मात्र त्यातच पाय घसरला.

मग मी मनीला मांडीवर घेऊन तिच्या शेपटाचे टोक चाचपले. तुटलेल्या शेपटाच्या टोकाला व्रण असतो, तिथे केस विरळ असतात, हाड बोथट लागते. मनीच्या टोकाला तसे काही नव्हते. हाड निमुळते होत गेलेले, वर दाट केस. ती जन्मतःच अशी होती. तुमच्याकडे असे बांडे मांजर असेल तर हीच परीक्षा तुम्हीही करून पाहा, मात्र हळू हाताने.

कापलेले शेपूट पिल्लात उतरते की नाही, हे पाहण्याचा खटाटोप जर्मनीत ऑगस्ट वाइझमन या शास्त्रज्ञाने 1880च्या दशकात प्रत्यक्ष केला होता. त्यांनी पांढऱ्या उंदरांची शेपटे कापली, त्यांना पिल्ले होऊ दिली, त्या पिल्लांचीही कापली, असे पाच पिढ्या चालवले. 901 पिल्ले जन्मली. एकही बिनशेपटीचे नव्हते. प्रयोग थोडा निर्दयच, पण निकाल स्पष्ट आहे. अंगावर झालेली जखम वंशात उतरत नाही. शेपूट नसलेले पिल्लू जन्मते ते आईबापांकडून आलेल्या बीजातल्या फरकामुळे.

कॉलेजात परत आल्यावर मी पुस्तके काढून बसलो. प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळले. तेव्हा कळले की ज्या गोष्टीवरून रोहण्यात दोन पिल्लांचा जीव टांगणीला लागला होता, त्याच गोष्टीचा एका देशाला मोठा अभिमान आहे.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. विस्तार सुमारे 572 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. बेट इंग्लंडच्या राजाचे, पण कारभार स्वतःचा. स्वतःची जुनी विधानसभा आहे, तिला टिनवॉल्ड म्हणतात. स्वतःची भाषा आहे, स्वतःचे नाणे आहे. निशाणावर गुडघ्यात वाकलेले तीन पाय आहेत. ज्या लोकांनी निशाणावर एक पाय जास्त घेतला, त्यांच्या मांजराला शेपूट कमी पडले, असा विनोद मला सुचला होता. पण तो वर्गात कोणी हसले नाही. या बेटावर बिनशेपटीची मांजरे पूर्वापार आहेत आणि ती जगभर 'मॅन्क्स' या नावाने ओळखली जातात. 1970 मध्ये बेटाने काढलेल्या क्राउन नाण्यावर या मांजराचे चित्र होते. चार्ल्स डार्विनने 1868 साली प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथातही त्यांचा उल्लेख केला आहे.

आता आपल्याकडे जशी बंडीच्या चाकाची गोष्ट, तशा तिकडेही गोष्टी आहेत. एक अशी की नोहाच्या नौकेत सगळे प्राणी शिरले. मांजर उंदराच्या नादात मागे राहिले आणि नोहाने घाईने दार लावताना शेपूट दारात सापडून तुटले. दुसरी अशी की 1588 मध्ये स्पेनचे आरमार वादळात फुटले, त्यातल्या एका जहाजावरून ही मांजरे पोहत बेटावर आली. तिसरी सगळ्यांत गमतीची. मांजर आणि ससा यांचा हा संकर म्हणे, कारण मागचे पाय उंच आणि चाल उड्या मारल्यासारखी. मांजर आणि ससा यांना एकमेकांपासून पिल्ले होणे शक्य नाही. खरी हकीकत साधी आहे. बेटावरच्या मांजरांत केव्हातरी हा फरक उपजला. चारी बाजूंनी समुद्र असल्यामुळे मांजरांचा संबंध आपसातच येत राहिला आणि फरक पसरत गेला.

या मांजराचे रूप वेगळे असते. डोके गोल, गाल भरलेले, पाठ आखूड आणि कमानीसारखी, पुढच्या पायांपेक्षा मागचे पाय उंच, त्यामुळे पार्श्वभाग वर उचललेला आणि अगदी गोलाकार. केस दुहेरी असतात, आत मऊ लव आणि वर जरा राठ केस. लांब केसांचाही एक प्रकार आहे, त्याला सिम्रिक म्हणतात. वजन साधारण साडेतीन ते साडेपाच किलो. रंग कोणताही. स्वभावाने माणसाळलेले. मालकाच्या मागे मागे कुत्र्यासारखे फिरते, अशी त्याची ख्याती आहे. उंदीर मारण्यात तरबेज म्हणून शेतांवर आणि जहाजांवर ते पाळले जाई. शेपटावाचून मांजराचा तोल कसा राहील, अशी शंका मलाही होती. पण जन्मतःच शेपूट नसलेले मांजर मागच्या पायांच्या जोरावर आपला तोल शिकून घेते आणि उडी मारताना अडत नाही.

सगळ्याच मॅन्क्सांना शेपूट नसते असे मात्र नाही. काहींना अजिबात नसते, तिथे हाताला खळगा लागतो. काहींना हाडाचा एक उंचवटा असतो. काहींना मनीसारखे थोटके शेपूट असते. आणि काहींना जवळजवळ पुरे शेपूट असते. एकाच वेताच्या पिल्लांत हे सगळे प्रकार सापडू शकतात.

इथेच आपल्या वर्धा जिल्ह्याच्या माणसाला एक शंका यायला हवी. आपण गौळाऊ जनावरांच्या मुलखात राहतो. पांढरा-करडा रंग, चपळ चाल, वावरात आणि बंडीला सारखेच उपयोगी. हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीसाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. गौळाऊ गाय आणि गौळाऊ वळू एकत्र आले की वासरू गौळाऊच होणार, याचेच नाव जात. मग बिनशेपटीची मांजर आणि बिनशेपटीचा बोका यांची सगळी पिल्ले बिनशेपटीची का होत नाहीत? शेपटीचे पिल्लू मधूनच येते कुठून?

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना समजावण्यासाठी दोन वाट्या घ्या. एक वाटी आईची, एक बापाची. प्रत्येकीत पन्नास चण्याचे आणि पन्नास तुरीचे दाणे मिसळा. चणा म्हणजे बिनशेपटीचे बीज, तूर म्हणजे शेपटीचे. बीज म्हटले तरी शास्त्रातला शब्द जनुक, तो मोठ्या मुलांना जरूर सांगा. पिल्लाला आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन मिळतात. आता एका मुलाने डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा काढावा आणि जोडी मांडावी. दोन तुरी आल्या तर पिल्लाला शेपूट. एक चणा, एक तूर आली तर चणा जोरावर ठरतो, पिल्लू बांडे. आणि दोन्ही चणे आले तर? तर ते पिल्लू आईच्या पोटातच, अगदी सुरुवातीला, नाहीसे होते. जन्मालाच येत नाही.

शंभर जोड्या मांडल्या तर साधारण पंचवीस जोड्या तुरी-तुरीच्या, पन्नास मिश्र आणि पंचवीस चणा-चण्याच्या होतील. शेवटच्या पंचवीस बाजूला काढा. उरल्या पंचाहत्तर, त्यांत पन्नास बांडी आणि पंचवीस शेपटीची. दोन बांड्यांपासून तिसरे पिल्लू शेपटीचे निघते ते यामुळे, आणि अशा जोडप्याला पिल्ले कमी होतात तीही यामुळे. जगातले प्रत्येक जिवंत मॅन्क्स बांडे मांजर मिश्र जोडीचेच असते. म्हणून ही जात गौळाऊसारखी शुद्ध कधी होऊच शकत नाही. ज्या गुणामुळे तिला नाव मिळाले, तो गुण दोन्ही बाजूंनी आला की जीव घेतो. मनीचा जोडीदार गावातला कोणी शेपटीवाला बोका असणार. तेव्हा बापाच्या वाटीत नुसती तूर आणि आईच्या वाटीत चणा-तूर समसमान. चार पिल्लांत दोन बांडी निघाली, हा हिशेब बरोबरच जमला. चारांत नेहमी दोनच निघतील असे मात्र नव्हे. नाणे चारदा उडवून पाहा म्हणजे कळेल.

हे बीज मांजरात सापडण्याआधी उंदरात सापडले होते. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या नादेझ्दा डोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया या रशियन संशोधिकेने 1927 साली आखूड शेपटीच्या उंदरांची एक वंशावळ नोंदवली. त्यांच्यातही नेमके हेच : एकीकडून बीज आले तर शेपूट आखूड, दोन्हीकडून आले तर पिल्लू गर्भातच मरते. या जनुकाला ब्रॅकियुरी म्हणतात, मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'आखूड शेपूट' असाच आहे. गर्भात पाठीचा कणा घडवण्याच्या कामात या जनुकाचा मोठा वाटा असतो. मॅन्क्स मांजरांतही याच जनुकात बिघाड असल्याचे 2013 मध्ये दाखवण्यात आले. आणि 2024 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आणखी नवलाची गोष्ट आली. आपण माणसे, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, गिबन या सगळ्यांना शेपूट नाही, त्याच्या मुळाशी याच जनुकात सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी शिरलेला एक छोटा तुकडा असावा, असे संशोधकांनी दाखवले. शेपटाची खूण म्हणून आपल्याकडे उरले आहे ते माकडहाड. नाव ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी कमालच केली म्हणायची! हे मी आजींना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजे आपण सारेच बांडे म्हना." मी म्हटले, "होय."

प्रत्येक आखूड शेपटीच्या मांजराचे मूळ मात्र हेच नसते. जपानात गोंड्यासारख्या शेपटीची मांजरे फार दिवसांची आहेत आणि आग्नेय आशियात वाकड्या, गाठीच्या शेपटीची मांजरे पुष्कळ दिसतात. तिथला फरक वेगळ्या जनुकातला आहे आणि त्या मांजरांना मॅन्क्ससारखा कण्याचा विकार सहसा होत नाही.

हा विकार म्हणजे काय, ते आता सांगतो. माझ्या दृष्टीने बोलण्यातला मुख्य भाग हाच आहे.

शेपूट म्हणजे कण्याचेच पुढे आलेले टोक. मांजराच्या शेपटीत वीसेक मणके असतात. कणा घडवणारे बीजच अधू असले तर कसर शेपटीवर थांबतेच असे नाही. कधी ती वर सरकते. कमरेखालचे मणके नीट मिटत नाहीत, मज्जारज्जू आखूड पडतो, लघवी आणि शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसा अधू राहतात. अशा पिल्लाला लघवी थेंब थेंब गळते, किंवा मूत्राशय भरून ते फुगते. शौच अडतो. मागचे पाय लुळे पडतात किंवा दोन्ही एकदम टाकत ते सशासारखे उड्या मारते. अजिबात शेपूट नसलेल्यांत हा धोका जास्त, थोटक्या शेपटीत कमी. सगळ्यांना होतो असे नाही. होणार असेल तर बहुधा पहिल्या चार-सहा महिन्यांत दिसून येतो. त्यामुळे जाणते लोक बांडे पिल्लू त्याआधी कोणाला देत नाहीत आणि बांड्याशी बांडे जुळवत नाहीत, शेपटीवाल्याशी जुळवतात.

रोहण्याच्या दोघांपैकी भाटी धडधाकट निघाली. तिचे नाव भाच्याने बांडी ठेवले. दुसरा, बोका, महिन्याचा झाला तरी त्याचा मागचा भाग कायम ओला असे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तीन आठवड्यांपर्यंत कोणतेच पिल्लू आपण होऊन लघवी करत नाही, आई चाटते तेव्हाच होते. म्हणून त्याआधी निदान करण्याची घाई करू नये. चौथ्या आठवड्यानंतरही ओलेपणा राहिला, पोट ताठ लागले किंवा चाल विचित्र दिसली, तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. भाच्याने शाळेच्या दप्तरातून पिल्लाला तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी त्याला मूत्राशय हलक्या हाताने दाबून रिकामे कसे करायचे ते शिकवले. हे काम पाहूनच शिकावे लागते. ऐकून केले आणि जोर जास्त झाला तर इजा होते. दिवसातून चार वेळा, सहा आठवडे, आठवीतल्या त्या मुलाने हे केले. कोमट पाण्याने पुसायचे, कोरडे करायचे, खालचे फडके बदलायचे. लघवीने कातडे सोलवटते, त्यावर माशी बसली की अळ्या पडतात. हिवाळा होता म्हणून माशीचा त्रास कमी. तरी मूत्रमार्गात पू झाला, ताप आला आणि संक्रांतीच्या आधी दोन दिवस तो गेला. भाच्याने मला फोनवर विचारले, "मामा, तेव्हा नाल्यावर सोडला असता तं बरं झालं असतं काय?" मी म्हटले, नाही. थंडीत, कुत्र्यांत, उपाशी जाण्यापेक्षा तो कुशीत गेला. आणि पुन्हा असे पिल्लू झाले आणि त्याचे हाल थांबण्यासारखे नसले, तर डॉक्टरांना विचारून त्याला वेदनेवाचून निरोप देणे हेही दयेचेच काम आहे, टाकून देणे नव्हे. एवढे त्या वयाच्या मुलाला सांगणे सोपे नव्हते.

जे मांजर धडधाकट आहे, त्यालाही काही जपावे लागते. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा पार्श्वभागाखाली घ्या. खळग्यावर दाब देऊ नका, तिथे कण्याचे टोक उघडेवाघडे असते. आणि शेपटीवाल्या मांजराचे शेपूट मुलांना कधीही ओढू देऊ नका. जोराच्या हिसक्याने मुळाशी असलेल्या नसा तुटतात आणि जन्मतः चांगले असलेले मांजर त्या बिचाऱ्या बोक्यासारखे अधू होऊ शकते. शौच अडत असेल तर पाणी भरपूर ठेवा, ओले अन्न द्या, उकडलेला लाल भोपळा चमचाभर मिसळा. एरंडेल किंवा माणसांचे जुलाब देऊ नका. दोन दिवस शौच झाला नाही तर दवाखाना गाठा. आणखी एक, मांजर शेपटाने बोलते. खुशीत असले की ते उभे करते, चिडले की हापटते. बांड्याला ती सोय नाही. त्याचे कान पाहावेत. कान मागे चपटे झाले की हात आवरावा.

खाण्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. दूध-भाकरीवर मांजर जगते, असे आपण समजतो. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य बाहेरून मिळावेच लागते आणि ते मांसात, मासळीत असते. ते नसेल तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होते. मोठ्या मांजराला पुष्कळदा दूध पचतही नाही, ढाळ लागतो. बहिणीचे घर माळकरी, घरात अंडेही येत नाही. यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी आजींनीच तोड काढली : गोठ्याच्या पलीकडच्या पडवीत मांजराची ताटली वेगळी, चूल वेगळी, तिथे अंडे उकडले तर त्यांची हरकत नाही. नुसत्या अंड्याने भागत नाही. उंदीर हे मांजराचे पुरे जेवण आहे, आणि उंदीर कमी पडतील तेव्हा बाजारात मांजरांसाठी तयार मिळणारे अन्न थोडे द्यावे, त्यात टॉरिन घातलेले असते.

उंदरांवरून आठवले. घरात मांजर पाळायचे आणि कोठीत उंदराचे विषही ठेवायचे, हे दोन्ही चालत नाही. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, मांजराला आयता सापडतो आणि मांजरही जाते. दोहोंपैकी एक निवडा. तीच गोष्ट फवारणीच्या डब्यांची. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालले आणि त्याने पाय चाटले तरी बाधते. कुत्र्याच्या गोचिडांचे औषध मांजराला लावू नका, त्यातली काही औषधे मांजराला मारक आहेत. आणि तापावरची आपली पॅरासिटामॉलची गोळी? तिच्या एका गोळीने मांजर मरू शकते. दयेपोटी पुष्कळ मांजरे अशी मारली गेली आहेत.

आता आजींच्या शंकेकडे वळतो. पिल्लाची सावली गर्भावर पडत नाही. मांजराचे ते जनुक माणसाच्या बाळात येण्याला वाटच नाही. पण मांजराच्या विष्ठेतून एक सूक्ष्म जंतू पसरू शकतो, त्याला टॉक्सोप्लाझ्मा म्हणतात, आणि गरोदरपणी त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. हा धोका शेपटीच्या मांजरापासूनही तेवढाच. तेव्हा गरोदर बाईने मांजराची घाण काढू नये. दुसऱ्याने ती रोजच्या रोज उचलावी. मातीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत, भाजी नीट धुवून घ्यावी. हे मी सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मंग म्या काय चुकीचं म्हनत होती?" अर्धे तुमचे बरोबर, अर्धे माझे, असा आमचा समेट झाला.

पिसाळण्याच्या रोगाची लस मांजराला तीन महिन्यांनंतर टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी. हा रोग कुत्र्यापासूनच होतो असे नाही, मांजराच्या चाव्यानेही होतो. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडून रक्त काढले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावू नका.

शहरांत हल्ली जातिवंत मांजरांना मोठी किंमत येते आणि वेगळे दिसेल ते महाग, अशी रीत आहे. मला विचाराल तर, दोन बांडी मांजरे मुद्दाम जुळवून चारांतले एक पिल्लू पोटातच घालवायचे आणि जन्मलेल्यांतले एखादे असे गळत्या लघवीने झुरवायचे, हा शौक मला नको. आपोआप आलेले बांडे पिल्लू मात्र टाकू नये. बांडी आता सहा महिन्यांची होत आली आहे. तिने पहिला उंदीर धरला त्या दिवशी भाच्याचा फोन आला होता. तिला पिल्ले होऊ द्यायची का, हे त्याने विचारले. मी म्हटले, पाच-सहा महिन्यांच्या वयात भाटीची शस्त्रक्रिया होते, ती करून घ्यावी. नंतर दहा दिवस तिला खोलीत ठेवावे आणि टाके चाटू देऊ नयेत. "आणि मनी?" मनीची तर आधी करायची, कारण चणा तिच्याच वाटीत आहे आणि अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. दोघींना एकाच टोपलीतून नेता येईल का, असे त्याने विचारले. एका टोपलीत नेऊ नकोस, भांडतील.

नातसुनेला माघात मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. पाळण्याच्या खोलीचे दार आजी मांजरांना बंद ठेवतात, आणि त्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही.